तुकडा नंबर सात

रविवार, १ नोव्हेंबर १९९८. शारजा

नवी नोकरी, नवी वही. वही कपाटात कुंदाच्या साड्यांखाली ठेवायचं ठरवलं आहे. या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून एसी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस. आणि मनालीला मराठी वाचायचा कंटाळा असला तरी बापाची वही म्हटल्यावर ती शिकेलसुद्धा.

हमरिया फ्री झोनमधली कपड्यांची फॅक्टरी बंद झाल्यापासून चार महिने घरी बसून होतो. मुंबईला गिरणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं आणि इथे तीन वर्षं, मी आयुष्यभर कापड तपासलं. सूत कुठे हलकं घातलंय, रंग कुठे मारलाय, ते मला लांबून कळतं. लोक संशयी म्हणतात. म्हणोत. कापड तपासणाऱ्याने संशय घ्यायचा नाही तर काय कापडाची आरती करायची?

नवे मालक खलफानसाहेब. सगळे त्यांना अरबाब म्हणतात, मीही तेच म्हणणार. सत्तरी उलटली आहे. वडिलांचा मोत्यांचा व्यापार, लहानपणी मुंबईला येणंजाणं, त्यामुळे हिंदी फर्डं. त्यांना वेड आहे जुन्या कापडाच्या तुकड्यांचं. हजार वर्षांपूर्वी खलिफाच्या कारखान्यांत लिननचं तलम कापड विणायचे, त्यात रेशमाने अरबी अक्षरांचा पट्टा विणायचे. त्याला तिराज म्हणतात. खलिफाची मर्जी बसली की असा झगा मिळायचा, आणि माणूस मेला की त्यातच गुंडाळून पुरायचे. इजिप्तमधल्या कबरींतून ते तुकडे निघाले. अरबाबने लंडनच्या लिलावात अकरा घेतलेत, फेब्रुवारीत प्रदर्शन भरवायचं आहे. पण स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा हात धरून म्हणाले, "वासुदेव, अब तेरी आँख मेरी आँख है."

सहा महिने नोकरी कच्ची. काही कमीजास्त झालं तर व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांत तिघांनी चंबूगबाळं उचलायचं, आणि मनालीचं नववीचं वर्ष अर्ध्यावर. दुसऱ्यांदा घरी बसायची माझ्यात ताकद नाही. हे कुंदाला बोललो नाही.

मदतीला अब्बास परकार म्हणून एक माणूस दिलाय. बाणकोटचा, पंचेचाळिशीचा. बाप गलबतांची शिडं शिवायचा, हा शारजाच्या खाडीवर ताडपत्र्या शिवत होता, तिथून अरबाबने उचलला. सुईवर हात भारी आहे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलाय. बोलतो कमी. कमी बोलणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून वावडं.

त्याला अरबाबसमोरच सांगून टाकलं. माझ्याकडे तोंडी काही चालणार नाही. रोज काय केलं ते चिठ्ठीवर लिहायचं, मी सही करणार, चिठ्ठी फाइलला जाणार. माझ्या सहीशिवाय तुकड्याला बोट लागता कामा नये. गिरणीत आमची अशीच शिस्त होती. अरबाबने मान डोलावली.

घरी आलो तर कुंदा दारातच उभी.

"आधी अंघोळ. मग चहा."

"अगं, हजार वर्षं झाली त्यांना जाऊन."

"हजार होवोत नाहीतर दोन हजार. कफन ते कफन."

हजार वर्षांचं सुतक पाळणारा मी शारजातला एकमेव माणूस असेन.

बुधवार, ४ नोव्हेंबर

अकराही तुकडे पेटीतून काढले. काही तर तळहाताएवढेच. नंबर सात सगळ्यांत देखणा. हातभर लांब, तपकिरी डाग पडलेला, पण मधला लाल रेशमाचा पट्टा शाबूत. अक्षरं भरतकामाची नाहीत, विणलेलीच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसतात. पुढची बाजू कोणती यावर अब्बास घुटमळत होता. मी गिरणीतला नियम सांगितला, ज्या बाजूला रंग ताजा ती पुढची. एक बाजू लालभडक होती, दुसरी विटकी. प्रश्न मिटला. लालभडक बाजू वर ठेवून मी फोटो काढला, मग अब्बासने तुकडा कोऱ्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवला आणि कापड चौकटीवर ताणलं.

टाके इतके बारीक की भिंगाशिवाय दिसेनात. एवढं चांगलं काम करणारा माणूस ताडपत्र्या का शिवत बसला होता? काहीतरी कारण असणारच.

मंगळवार, १० नोव्हेंबर

अब्बास सातव्या तुकड्यासमोर उभा राहतो. काल राहिला, आज राहिला. ओठ हलत असतात. हाताच्या बोटाने हवेत काहीतरी गिरवतो. मी खाकरलो की लगेच झाडू घेतो.

आज दुपारी मी बॉक्सवरचे नंबर तपासत होतो तेव्हा आला.

"साहेब, त्या सातव्या कपड्याचं जरा..."

"तोंडी नको. चिठ्ठीत लिही."

"दोन मिनिटांची गोष्ट आहे, साहेब."

"दोन मिनिटांची असो नाहीतर दोन सेकंदांची. नियम तो नियम."

गेला. माणसाला एकदा तोंडी बोलायची सवय लावली की तो उद्या म्हणतो, साहेबांनीच सांगितलं होतं. असले प्रकार मी गिरणीत खूप पाहिलेत.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आठवड्याच्या चिठ्ठ्या मोजून, सह्या करून फाइलला लावल्या. पाच दिवसांच्या पाच, बरोबर. अब्बासचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. वाचत बसलो असतो तर डोळे गेले असते, आणि आता ते डोळे माझे एकट्याचे नाहीत.

शनिवार, २१ नोव्हेंबर

आज एक गोष्ट पाहिली. अब्बासच्या डब्याच्या पिशवीत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. तो हात धुवायला गेला तेव्हा मी पाहिली. सातव्या तुकड्यावरची सगळी अक्षरं, अगदी मापात, पेन्सिलीने उतरवलेली!

कशाला हवीत याला ती अक्षरं? आणि याचा मावसभाऊ हमरियात लाकडी खोकी बनवतो. परदेशात माल पाठवायची खोकी. ही माहिती मला त्यानेच चहा पिताना सहज दिली होती. आता ती सहज वाटत नाही.

गुंडाळी होती तशी ठेवून दिली. चोराला आधी सैल सोडावं लागतं.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

कुंदाला सांगितलं, जुन्या फॅक्टरीतल्या सदानंदला भेटायला जातोय. खरं तर अब्बासच्या मागावर होतो. दर शुक्रवारी तो उम्म अल कुवैनला जातो असं अरबाबचा व्हिसाची कामं करणारा पीआरओ बोलला होता. नमाजाच्या वेळेला अंदाजाने टॅक्सी केली. तीस दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये पाण्यात, पण इलाज नव्हता.

मशिदीच्या बाजूला एक शिंप्याचं दुकान आहे. समोरच्या किराणा दुकानात लबनची, म्हणजे ताकाची, बाटली घेऊन उभा राहिलो. नमाज सुटल्यावर अब्बास एका म्हाताऱ्याबरोबर शिंप्याच्या दुकानात शिरला. म्हातारा पांढऱ्या दाढीचा, हातात माळ. अब्बासने पिशवीतून गुंडाळी काढली. म्हाताऱ्याने कागद काचेवर उजेडात धरला. मग उलटा करून धरला. पुन्हा पहिल्यासारखा धरला. मान हलवली, पुन्हा उलटा केला, आणि अब्बासच्या खांद्यावर थाप मारली. दोघेही खूश दिसले. शिंपी मशीन थांबवून बघत होता.

अक्षरं, शिंपी आणि खूश झालेला दलाल. आणखी काय हवं? नक्कल करायला देतोय हा. उलटसुलट करून पाहिलं म्हणजे किंमत ठरत असणार.

घरी आलो तर कुंदा म्हणाली, सदानंद तर मघाशी इथे येऊन गेला, तुमची चौकशी करत होता. मग बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

सोमवार, ७ डिसेंबर

झालं. ज्याची भीती होती तेच झालं.

परवापर्यंत चार दिवस नॅशनल डेची सुट्टी आणि काल माझा ताप, म्हणून आठवडाभराने कपाट उघडलं. सातवा तुकडा बाहेर काढला. लालभडक पट्टा विटका झालाय! फोटो शेजारी ठेवला. फोटोत डाव्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेली तीन भोकं आहेत, आता ती उजव्या कोपऱ्यात. तपकिरी डाग उजवीकडे होता, तो डावीकडे आलाय. अक्षरंसुद्धा उलट्या दिशेने.

हा आपला तुकडा नव्हेच. अस्सल गेला, नक्कल राहिली.

चिठ्ठ्या मात्र तितक्याच नियमाने टेबलावर. सह्या करून टाकल्या, म्हणजे त्याला संशय येणार नाही.

मंगळवार, ८ डिसेंबर

दिवसभर भिंग घेऊन बसलो. धागे मोजले. इंचाला उभे किती, आडवे किती, पहिल्या दिवशी नोंदवले होते तेवढेच भरतात. पीळ त्याच दिशेचा. भोकांच्या कडा तशाच कुरतडलेल्या. एवढी तंतोतंत नक्कल मी जन्मात पाहिली नाही. आणि हेच तर संशयास्पद आहे. अस्सल माल कधी इतका जुळत नाही.

फक्त डावं-उजवं कसं चुकलं? विचार करकरून उत्तर सापडलं. नक्कल करणाऱ्याने ट्रेसिंग उलटं धरलं! मी माझ्या डोळ्यांनी म्हाताऱ्याला ते उलटसुलट करताना पाहिलंय. शेवटी उलटं धरूनच त्याने पाठ थोपटली. सगळं फिट्ट बसतं.

रात्री जेवताना फोटो टेबलावर होता. मनालीने उचलला. शाळेत तिला तीन वर्षांपासून अरबी आहे, इथे सक्तीचं असतं.

"बाबा, धिस इज रॉंग वे राउंड. लुक, अलिफ-लाम शुड कम फ्रॉम द राइट. इट्स लाइक इन अ मिरर."

"हजार वर्षांपूर्वीची लिपी आहे ती. तुझ्या शाळेची अरबी नव्हे."

"बट अल्ला इज अल्ला, बाबा. थ्री स्टिक्स अँड देन द राउंड थिंग. हिअर द राउंड थिंग इज फर्स्ट."

"गप्प जेव."

आजकालच्या मुलांना दोन अक्षरं आली की बाप अडाणी वाटतो.

गुरुवार, १० डिसेंबर

झोप नाही. सांगितलं नाही तर प्रदर्शनात उघडकीला येईल, आणि माझ्या डोळ्यांदेखत माल बदलला गेला म्हणून मला हाकलतील. सांगितलं तर अब्बास जाईल. त्याला दोन मुली आहेत, धाकटी दापोलीला डी.एड. करतेय. पण त्याच्या मुलींचा विचार मी का करायचा? त्याने माझ्या मुलीचा केला?

कुंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एकदा त्यालाच विचारून बघा ना."

"चोराला विचारायचं, तू चोर आहेस का म्हणून?"

"बरं. मग जेवायला तरी वेळेवर या."

शनिवार, १२ डिसेंबर

अरबाबला सांगितलं. चौकट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटांनी पट्टा चाचपला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा चाचपला. मग अब्बासला बोलावलं.

"हाथ लगाया इसको?"

"हां अरबाब. उलटा लगा था, सीधा किया. अल्ला का नाम उलटा दिखता था, अच्छा नहीं लगता."

काय तयारी असते एकेकाची! मी लगेच म्हणालो की उलटं-सुलटं काही नाही, हा तुकडाच वेगळा आहे. मग उम्म अल कुवैन, ट्रेसिंग, शिंपी, हमरियाची खोकी, सगळं क्रमाने सांगितलं. अब्बास तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"साहेब, तुम्ही बोला ना. तुमची सही आहे. चिठ्ठीत सगळं लिहिलंय."

अरबाबने मला विचारलं, "चिट्ठी में क्या है, वासुदेव?"

"रोज का काम, अरबाब. झाडा, पोंछा, पेटी रखा. इजाजत कुछ नहीं."

चिठ्ठ्या मराठीत, अरबाबच्या व्हिल्यात त्या वाचणारा मीच एकटा. अरबाबने चौकट मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली. शेवटी म्हणाले, "असली है या नकली, ये कैरो से पुराने कपड़े की डॉक्टर आएगी तो बताएगी. मेरे को दिखता नहीं. लेकिन बिना इजाजत हाथ लगाया, ये तो पक्का. खलास."

माझा शब्द त्यांनी एका फटक्यात मानला. बरं वाटलं. अब्बास मात्र अजून माझ्याकडेच बघत होता, मी काहीतरी बोलेन असं वाटत असल्यासारखा. पकडलेली माणसं असंच बघतात.

बुधवार, १६ डिसेंबर

पीआरओने अब्बासचा व्हिसा कॅन्सल केला. आज दुपारच्या विमानाने गेला. रमजानला चार दिवस राहिलेत, रोजे घरी करील. जायच्या आधी सामान न्यायला आला होता. अकराही चौकटींवर धूळ बसू नये म्हणून मलमलचं कापड टाकून गेला. सातव्यावरसुद्धा.

दारात थांबला. "साहेब, माझं काय ते असू दे. चिठ्ठ्या तेवढ्या एकदा वाचा."

वाचायचा इतका आग्रह? म्हणजे त्यात काहीतरी रचून ठेवलेलं असणार, मला गोवण्यासाठी. वाचणारच नाही. फाइल बांधून सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. शिडी लागते तिथे पोचायला.

रविवार, ३ जानेवारी १९९९

अठरा दिवस वही उघडली नाही. नवा मदतनीस आलाय, बोलका आहे, सारखा साहेब-साहेब करतो. त्याचे टाके भात्यातल्या बाणांसारखे दिसतात. दहाव्या तुकड्याचे त्याचे टाके मी तीनदा उसवायला लावले. शेवटी म्हणून गेलो, "अरे, अब्बास कसे घालायचा ते बघ जरा." म्हणून झाल्यावर कसंतरीच वाटलं.

मंगळवार, २ फेब्रुवारी

आज लिहितो. सगळंच लिहितो.

कैरोच्या डॉक्टर नादिया आल्या. साठीच्या, पांढरे केस, गळ्यात भिंग. मला पहिल्यापासूनच त्यांचाही संशय होता. लिलाववाल्यांशी साटंलोटं असेल, नकली मालाला अस्सल म्हणून जातील. दहा तुकडे त्यांनी पाहिले. उरलेला अकरावा, म्हणजे नंबर सात, मी बाजूला लाल चिठ्ठी लावून ठेवला होता. तोच त्यांनी उचलला आणि इंग्रजीत विचारलं, "हा इथे का? हा तर तुमच्याकडचा सर्वांत चांगला आहे."

मी माझा सगळा सिद्धांत सांगितला आणि फोटो पुढे केला. बाई फोटोकडे पाहून हसल्या. वाईट नाही हसल्या, एखाद्या पोराने उलटी चप्पल घातल्यावर हसतो तशा. म्हणाल्या, तुकडा एकच आहे. फोटोत त्याची पाठ दिसतेय. हे बघा, रेशमाची सुटी टोकं, ती नेहमी पाठीमागे सोडतात. मग फोटोतली भोकं आणि चौकटीतली भोकं बोटाने एकावर एक लावून दाखवली. मी विचारलं, पण रंग? ताजा रंग? त्या म्हणाल्या, शंभर वर्षं हा कुणाच्या तरी भिंतीवर चौकटीत असणार. पुढच्या बाजूला उजेड लागला, ती विटली. पाठीला लागला नाही, म्हणून ती ताजी.

बावीस वर्षं मी दिव्याखाली कापड ठेवून रंग किती उडतो ते तपासत होतो. तोच माझा विभाग होता. नव्या कापडाचा नियम मी हजार वर्षं जुन्या कापडाला लावला.

बाईंनी भिंग लावून वाचलं. सुरुवातीला अल्लाचं नाव. मग खलिफाचं, वजिराचं, कारखान्याच्या मुकादमाचं. मालकाला बरकत मिळो. विणणाऱ्याचं नाव कधीच नसतं, म्हणाल्या. मग विचारलं, "हा सरळ कुणी केला? टाके जुन्याच भोकांतून घेतलेत, एक धागा दुखावलेला नाही. त्या माणसाला भेटायचं आहे मला."

अरबाबने चेहरा माझ्या दिशेने वळवला. दिसत नाही त्यांना, तरी मी मान खाली घातली.

"वासुदेव. चिट्ठी थी क्या?"

"देखता हूँ, अरबाब."

शिडी लावली. फाइल काढली. मुंग्यांची रांग जवळून पाहिली तर चांगली वाचता येते. तीन चिठ्ठ्या इथे उतरवतो.

११ नोव्हेंबर: "चौकटी पुसल्या. कपडा नं. ७ उलटा लागलाय. अल्लाचं नाव उलटं दिसतं. सरळ करू का? साहेबांनी सांगावं." खाली माझी सही.

१९ नोव्हेंबर: "साहेबांची सही मिळाली. पण लिपी जुनी आहे, माझी चूक नको. अक्षरं कागदावर उतरवली, उ. अ. कुवैनच्या मौलवींना पुढच्या शुक्रवारी विचारतो." खाली माझी सही.

१ डिसेंबर: "मौलवी बोलले उलटाच आहे. आज टाके सोडून सरळ केला. टाके त्याच भोकांतून घातले. कपड्याला धक्का नाही. साहेबांनी एकदा बघून घ्यावं, रंग थोडा वेगळा दिसेल." खाली माझी सही. लफ्फेदार, दोन रेघा मारलेली.

त्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. तीनदा. आणि अरबाबसमोर म्हटलं, इजाजत कुछ नहीं. मी फाइल न उघडता खोटं बोललो. एका माणसाची भाकरी घेतली, आणि वर बरं वाटलं म्हणून लिहूनही ठेवलं. मागची पानं वाचली आत्ता. लाज वाटते.

तिन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या. अरबाब तोपर्यंत बाईंना घेऊन जेवायला गेले होते. टॅक्सीत सारखं मनात येत होतं, या तीन कागदांची माहिती मला सोडून कुणाला आहे? खिडकीची काच खाली करायची तेवढीच देर. सापडल्या नाहीत म्हणायचं. कागद हरवतात.

आयुष्यभर मी सगळ्या जगावर नजर ठेवली. आज कळलं, खरी कुणावर ठेवायला हवी होती.

घरी आलो. अंघोळीच्याही आधी चिठ्ठ्या कुंदाच्या हातात दिल्या. तिने उभ्याउभ्याच वाचल्या.

"तुम्ही वाचल्या नव्हत्या?"

"नाही."

"सही मात्र केलीत."

"तुझ्याजवळ ठेव. माझा भरवसा नाही."

कफनाला हात लावून आलेल्या माणसाला आत न घेणारी कुंदा. तिने त्या चिठ्ठ्या नेऊन देव्हाऱ्यात ठेवल्या.

बुधवार, ३ फेब्रुवारी

सकाळी कुंदाने डब्याबरोबर चिठ्ठ्या हातात दिल्या. मग खाली टॅक्सीपर्यंत आली. तशी कधी येत नाही.

अरबाबने त्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या, आधी मराठीत, मग हिंदीत. डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मैंने तेरे को आँख बोला था."

मी म्हणालो, "हां अरबाब."

"एप्रिल तक काम कर. बाद में देखेंगे." मग पीआरओला हाक मारून अब्बासच्या नव्या व्हिसाचे कागद करायला सांगितले. त्याला कळवायचं कुणी, असं पीआरओने विचारलं. अरबाबने माझ्याकडे बोट केलं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस नंबर खिशात घेऊन फिरलो. आज रोला चौकातल्या बूथवरून पन्नास दिरहमचं कार्ड घालून बाणकोटला फोन लावला. शेजारच्यांचा नंबर होता. त्याला बोलावून आणेपर्यंत कार्डाचे आकडे उतरत होते. मागे कोंबड्यांचा आणि समुद्राचा आवाज येत होता.

"कोण?"

"अब्बासभाई, मी वासुदेव. शारजाहून."

मी सगळं पाठ करून गेलो होतो, पण पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, चिठ्ठ्या वाचल्या. म्हणालो, चूक माझी होती, अरबाबला सांगितलं. म्हणालो, मी खोटं बोललो होतो तुमच्याबद्दल. व्हिसा पाठवताहेत, तुम्ही या. माफ करा म्हणालो तेव्हा बूथबाहेरचा पठाण काचेतून बघत होता.

"तुमची नोकरी आहे ना, साहेब?"

"एप्रिलपर्यंत आहे."

"बरं." मग त्याने मागच्या कोंबड्यांना हाकललं. "मी येतो की नाही, बघू. इन्शाल्ला. घरात बोलायला लागेल."

"हो, हो. सावकाश."

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना. तोंडीच विचारा."

"तो कपडा. तुम्ही परत उलटा नाही ना केलात?"

"नाही, अब्बासभाई. सरळच आहे. तुम्ही केला तसाच आहे."

"मग झालं," तो म्हणाला. मला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण कार्ड संपलं.